आधी खोली निवड, मग कोर्स

ताई,
मी मूळची इंदापूर तालुक्यातली. पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. बाबांची पिठाची गिरणी आहे. विषय मला मनापासून आवडतो, प्रॅक्टिकलला वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे असतात. पण पुढे काय, हे कुणी धड सांगत नाही. दादा म्हणतो एमपीएससी कर. आत्या म्हणते नोकरी धर आणि एम.ए. बाहेरून कर. मैत्रिणीला फॉरेन्सिकला जायचंय, ती मलाही ओढते. वर्गातल्या बऱ्याच मुली एचआर म्हणतात. मला लोकांशी बोलायचंय, त्यांच्या उपयोगी पडायचंय, एवढंच ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात डेक्कनला एका अकॅडमीत गेले होते. तीन महिन्यांत ‘सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट आणि कौन्सेलर’ करतात, फी ४५ हजार. पाच हजार भरून मी सीट धरली. उरलेले महिनाअखेरीला भरायचेत. बाबा उसने घेऊन देतो म्हणाले. मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, ‘तुझ्या शिक्षणाची माणसं नक्की काय काम करतात गं?’ मला सांगता आलं नाही. तेव्हापासून झोपही नीट लागत नाही.
— स., नारायण पेठ

प्रिय स.,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसले, कारण त्यात महिनाअखेरची मुदत आहे. म्हणून आधी तेवढंच सांगते. उरलेले चाळीस हजार भरू नकोस आणि बाबांना उसने घेऊ देऊ नकोस. उद्याच अकॅडमीत जा, पाच हजारांची पावती सोबत ने आणि पैसे परत मिळावेत असा साधा अर्ज लेखी दे. अर्जाच्या प्रतीवर पोच घे. पैसे मिळतील किंवा मिळणार नाहीत, पण पाच हजार वाचवायला चाळीस हजार घालायचे नाहीत.

तीन महिन्यांत कुणीही कुणाला सायकॉलॉजिस्ट करू शकत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या शब्दामागे तर कायदा उभा आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो ती, या व्यवसायाची नोंदणी ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे, आणि त्या व्याख्येत मान्यताप्राप्त संस्थेतलं, देखरेखीखालचं प्रशिक्षण आहे. नोंदणी झालेल्या माणसाला सीआरआर नंबर मिळतो. पेशंट तो विचारू शकतो, आणि त्याने विचारावाच.

समुपदेशक या शब्दाला आजवर असं कुंपण नव्हतं, म्हणून गल्लोगल्ली पाट्या लागल्या. आता २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला आहे. त्यात क्लिनिकल वगळता बाकीचे मानसशास्त्रज्ञ, वर्तन-आरोग्याचे समुपदेशक आणि मानसोपचार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते यांचाही समावेश आहे. नोंदणीची ही व्यवस्था उभी राहते आहे. अशा काळात कागदाइतकीही किंमत नसलेल्या प्रमाणपत्रासाठी गिरणीवरच्या माणसाने कर्ज काढावं, हे मला बघवत नाही. लहान कोर्स सगळेच वाईट असतात असं नव्हे. एम.ए. झालेली, रोज काम करणारी व्यक्ती एखादं तंत्र शिकायला दोन महिन्यांचा वर्ग लावते, ते योग्यच. पण तो पायावर चढवायचा मजला असतो, आणि तुझा पाया अजून व्हायचा आहे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. तुझ्या पत्रातला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. आपली माणसं काय काम करतात, हे नजरेसमोर आणल्याशिवाय तुला कोर्स निवडता येणार नाही. म्हणून एक सकाळ सांगते.

हडपसरहून एक आई चौथीतल्या मुलाला घेऊन आली होती. शाळेने चिठ्ठी दिली होती, ‘मुलगा मंद आहे, तपासून घ्यावे.’ आई बाहेर बाकावर बसली, पदराचं टोक मुठीत धरून. आत मी आणि तो. नऊ वर्षांचा, केसाला तेल, माझ्याकडे न बघणारा. मी त्याच्यासमोर लाल-पांढरे ठोकळे ठेवले, चित्र दाखवलं आणि तसंच जुळव म्हटलं. स्टॉपवॉच मांडीवर, त्याला दिसणार नाही असं. पहिलं चित्र त्याने सहज जुळवलं. चौथ्याला त्याने जीभ बाहेर काढली, दोन ठोकळे उचलून तिरके फिरवले आणि वेळ संपायच्या आत पुरं केलं. त्या वयाची कितीतरी मुलं त्या चित्राला अडतात. मग मी पुस्तक पुढे केलं. ‘भाकरी’ या शब्दाला तो ‘माकरी’ म्हणाला. पुढच्या ओळीवर वेलांट्या गळायला लागल्या, आणि मघाचे सरसर चालणारे हात टेबलाखाली गेले.

पूर्ण तपासणीला तीन भेटी लागल्या. कसोट्या, शाळेच्या वह्या, आईशी सविस्तर बोलणं, दृष्टी आणि श्रवण तपासून घेणं. मुलगा मंद नव्हता. त्याला अध्ययन अक्षमता होती, वाचन-लेखनाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता स्पष्ट नावाने आहे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातून तिचं प्रमाणपत्र मिळतं आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मी आईला बोलावलं आणि अहवाल बाजूला ठेवून आधी ठोकळ्यांबद्दल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी त्याला रोज मारत होते ओ.’

आपली माणसं हे काम करतात. माणसाकडे नेमकेपणाने बघतात, जे दिसलं ते मोजतात, नोंदवतात, आणि ते त्याच्या घरच्यांना समजेल, झेपेल असं सांगतात. या कसोट्याही काही आकाशातून पडलेल्या नाहीत. बिने यांची बुद्धिमापन कसोटी कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, म्हणून आजही तिला बिने-कामत म्हणतात. मालिन यांनी भारतीय मुलांसाठीची कसोटी नागपुरात तयार केली. तू प्रॅक्टिकलला आरशात बघून तारा काढतेस आणि किती चुका, किती सेकंद ते लिहितेस ना, त्याच सवयीचं हे मोठं रूप. प्रॅक्टिकलला तुला मार्क पडतात हे तू पत्रात ओझरतं लिहिलंस. मला ते फार मोलाचं वाटलं. ‘लोकांना मदत करायची आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, नीट नोंद ठेवणारे फार थोडे.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. एम.ए. होऊन मला वर्षही झालं नव्हतं. एका संस्थेत काम करत होते. नवरा पितो म्हणून एक बाई आली. मी तिला चाळीस मिनिटं समजावलं. व्यसन हा आजार कसा आहे, तिने स्वतःला दोष का देऊ नये, कुठे जावं, काय करावं. सगळं बरोबर होतं, पुस्तकातलं होतं. ती ‘हो ताई, हो ताई’ म्हणत राहिली आणि उठून गेली. संध्याकाळी माझ्या वरिष्ठांनी विचारलं, ‘ती आज कशाला आली होती?’ मी म्हटलं, नवरा पितो म्हणून. ‘तो तर तेरा वर्षं पितोय असं तूच लिहिलंयस. मग ती आजच का आली?’ मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ती बाई पुन्हा आली नाही. त्या दिवशी तिच्या घरी काय झालं होतं ते मला कधीच कळलं नाही, आणि ते आजही मला डाचतं.

म्हणून सांगते, या विषयात डिग्री म्हणजे अर्धं शिक्षण. उरलेलं अर्धं एका खोलीत होतं, जिथे तू माणसासमोर बसतेस आणि तुझ्या मागे तुझ्याहून जाणतं कुणीतरी असतं, जे संध्याकाळी तुला असे प्रश्न विचारतं. आपल्याकडे त्याला सुपरव्हिजन म्हणतात. ज्या कोर्समध्ये, ज्या नोकरीत ते नाही, तिथे तू कितीही वर्षं घालवलीस तरी त्याच चुका जास्त सफाईने करायला शिकशील. म्हणून आधी खोली निवड. कुणासमोर बसायचंय तुला? लहान मुलासमोर, आजारी माणसासमोर, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यासमोर, की कामावरच्या माणसासमोर? ते एकदा ठरलं की कोर्स आपोआप ठरतो. तुझ्या वर्गातल्या मुली उलटं करतायत. आधी कोर्स घेतात आणि मग खोली शोधत फिरतात.

पुण्यात असण्याचा फायदा हा की या साऱ्या खोल्या तुझ्या कॉटपासून पीएमटीच्या अंतरावर आहेत.

मुलांची खोली सगळ्यात जवळ. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केलेली ज्ञानप्रबोधिनी सदाशिव पेठेत, तुझ्यापासून चालत जाण्यासारखी. त्यांची प्रज्ञा मानस संशोधिका बुद्धिमापनाचं आणि शालेय मानसशास्त्राचं काम वर्षानुवर्षं करते आहे. तिथे जाऊन नुसतं विचारून ये, काय चालतं, कुणाला घेतात. शाळांमध्ये कामही वाढतं आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा असं म्हटलं आहे. कागदावरचं शाळेच्या दारात पोचायला वेळ लागतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. कित्येक शाळांत समुपदेशकाला ऑफ तासाला वर्ग सांभाळायला बसवतात. तरीही दिशा चांगली आहे. विशेष मुलांचं शिकवणं आवडलं तर स्पेशल बी.एड. हा आरसीआयचा वेगळा, पक्का रस्ता आहे. आणि बी.ए.वर लगेच मिळणारं काम हवं असेल तर पुण्यातल्या शाळांतून शॅडो टीचर लागतात. स्वमग्न किंवा अतिचंचल मुलाशेजारी वर्गात दिवसभर बसायचं. पगार बेताचा, पाठ दुखते, पण एका वर्षात एक मूल जेवढं शिकवतं तेवढं कुठलंच पुस्तक शिकवत नाही.

रुग्णालयाची खोली लांब पल्ल्याची आहे. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तू बसमधून पाहिलं असशील. अडीच हजारांवर मंजूर खाटा आहेत. ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथेही अशी सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पदं असतात. काम प्रचंड आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर १०० प्रौढांत १० हून थोडी जास्त माणसं त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने त्रस्त आढळली, आणि बहुतेक आजारांत दहांतल्या सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. पण इथे शॉर्टकट नाही. आजवरचा रस्ता असा होता: एम.ए., मग आरसीआय-मान्य दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये एम.फिल. बंद केलं, हा विषय आणि सायकियाट्रिक सोशल वर्क यांना अपवाद म्हणून २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. त्याच्या जागी आरसीआयने स्वतःचे अभ्यासक्रम आणले आहेत, चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि त्यापुढे साय.डी. ही डॉक्टरेट. म्हणून सीनियर मुलींनी सांगितलेली दोन-तीन वर्षांपूर्वीची माहिती धरून बसू नकोस. हेही लक्षात ठेव, कॉलेजचं साधं ‘एम.ए. सायकॉलॉजी, स्पेशलायझेशन क्लिनिकल’ आणि आरसीआयचं ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं केलं म्हणून लायसन्स मिळत नाही. नावाच्या या साधर्म्याने अनेकींची दोन वर्षं आणि लाखभर रुपये गेलेले मी पाहिलेत. फी भरायच्या आधी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, त्या अभ्यासक्रमापुढे, त्याच वर्षासाठी आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

व्यसनाची खोली माझ्या मनाच्या फार जवळची आहे, म्हणून तिच्याबद्दल मी थोडी पक्षपाती असेन. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथली एक गोष्ट मला कायम शिकवत आली आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे तिथे समुपदेशक म्हणून उभी राहतात. डिग्रीवाल्या मुलीने त्यांच्या शेजारी बसून वर्षभर ऐकावं. आपल्याला पुस्तकाने काय दिलं आणि काय दिलं नाही, हे तिथे लख्ख दिसतं. आत्महत्या रोखण्यासाठी हेल्पलाइन चालवणारी ‘कनेक्टिंग’ ही पुण्यातलीच संस्था. ते स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन मगच फोनवर बसवतात. ऐकायचं म्हणजे काय, हे शिकायला एवढी चांगली जागा बी.ए.च्या मुलीला दुसरी मिळणार नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांपैकी ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली, तिचं कामही पुण्यात आहे.

कंपनीच्या खोलीबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तुझ्या पत्रात मला ती दिसली नाही. भरती, प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांच्या चाचण्या. हिंजवडी, खराडी, चाकण इथे हे काम भरपूर, आणि औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. किंवा एचआरचं एमबीए करून त्यात जाता येतं. सुरुवातीचा पगारही इतर वाटांपेक्षा बरा. एक नवा प्रकार मात्र तुला सांगावासा वाटतो, यूएक्स रिसर्च. एखादं ॲप लोक प्रत्यक्षात कसं वापरतात हे बघणारी माणसं कंपन्यांना लागतात. मंडईतल्या कांदेवालीच्या शेजारी दोन तास बसायचं आणि पैसे आल्याचा आवाज ऐकू आला नाही तर ती काय करते, कुणाला विचारते, कुठलं बटण दाबायला घाबरते, ते टिपायचं. तुझी नोंदवहीची सवय आणि संख्याशास्त्राचा पेपर दोन्ही इथे लागतात. संख्याशास्त्र कुठल्याच खोलीत सुटत नाही, तेव्हा तो पेपर नुसता पास होण्यापुरता करू नकोस.

दादाचं, आत्याचं, मैत्रिणीचं आता भराभर. दादा चुकीचं सांगत नाही. यूपीएससीला मानसशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. पण ते प्रशासनाचं काम आहे. ते हवं असेल तर जरूर कर, ‘सायकॉलॉजीत काही नाही’ म्हणून करू नको. पेठांमधल्या अभ्यासिका तू रोज बघतेस, किती वर्षं जातात तेही बघतेस. आत्याचा मार्ग बंद झाला आहे. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले, त्यामुळे एम.ए. ‘बाहेरून’ करून देतो असं आता कुणी म्हणालं तर सावध हो. फॉरेन्सिकचं मैत्रिणीला सांग की जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, आणि नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. मालिकांत दाखवतात तसं ते काम नाही. आवडत असेल तर आधी भक्कम एम.ए. करावं. शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट. महाराष्ट्र-गोव्याची सेट परीक्षा तर आपलं पुणे विद्यापीठच घेतं.

तू माझी धाकटी बहीण असतीस तर मी तुला काय सांगितलं असतं? या उरलेल्या महिन्यांत दर शनिवारी एका खोलीत जाऊन बस. मुलांची एक, हेल्पलाइनची एक, जमलं तर व्यसनमुक्तीची एक. पैसे देऊन इंटर्नशिप करू नकोस. पंधरा दिवस ऑनलाइन बसायचे तीन हजार घेऊन प्रमाणपत्र देण्याचा जो प्रकार सुरू झाला आहे, तो मला सरळ चुकीचा वाटतो. शिकणाऱ्याकडून काम घ्यायचं आणि वर पैसेही घ्यायचे, हा कुठला न्याय? जिथे प्रत्यक्ष माणसं येतात आणि तुझ्या चुका दाखवायला कुणी असतं, तिथेच जा, मग पाणी भरण्यापासून सुरुवात झाली तरी चालेल.

मग पूर्णवेळ एम.ए.चे अर्ज भर. विद्यापीठाचा गणेशखिंडीतला विभाग, फर्ग्युसन, एस.पी., तिन्हीकडे. प्रवेश परीक्षेचं वेळापत्रक आत्तापासून बघत राहा. सरकारी शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीसाठी बाबांचा उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेव, दरवर्षी या एका कागदापायी मुलींचे अर्ज अडकतात. तुझ्या कॉलेजात ऑनर्सच्या चौथ्या वर्षाची सोय असेल तर तीही विचारात घे, त्यानंतर एम.ए. एका वर्षाचं होतं. क्लिनिकललाच जायचं असं शनिवारच्या फेऱ्यांनंतर पक्कं वाटलं, तर आरसीआयच्या यादीत शोध. नाही वाटलं, तर वाईट वाटून घेऊ नको. समुपदेशनाच्या खोलीतल्या माणसाला क्लिनिकलपेक्षा कमी समजण्याची सवय आपल्या क्षेत्रात आहे, ती मला मान्य नाही.

पैशांबद्दल खरं ते सांगते. पहिली चार-पाच वर्षं ओढाताणीची जातील. आयटीतल्या मैत्रिणी फ्लॅट बुक करतील तेव्हा तू कदाचित अजून कॉट बेसिसवर असशील. शाळेत अर्धा दिवस आणि संध्याकाळी एखाद्या केंद्रात अर्धा दिवस, असं जोडून बरेच जण चालवतात. आपल्या क्षेत्रात अनुभवाला हळूहळू भाव येतो, आणि आला की टिकतो.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण मला ती ओळीओळीत जाणवली. तुला इंग्रजीची भीती वाटते. वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या मुली पुढे बसतात, तू मागे. इंग्रजी शीक, कारण कसोट्यांच्या पुस्तिका आणि संशोधन त्याच भाषेत आहे, आणि वाचण्यापुरतं ते सहा महिन्यांत येतं. पण खोलीत बसल्यावर काय होतं ते ऐक. पेशंट बाई ‘आय फील एम्प्टी’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘जीव लागत नाही ओ कशात’, ‘छातीत कालवाकालव होते’, ‘डोक्याला मुंग्या आल्यात’, ‘नुसतं आत आत जातंय’. यातलं नैराश्य कुठलं, घबराट कुठली आणि खरंच शरीराचं दुखणं कुठलं, हे ओळखायला ती बोली पोटातून यावी लागते. तुझी येते. ससूनच्या ओपीडीत, बारामतीच्या शाळेत, इंदापूरच्या सरकारी रुग्णालयात अशी माणसं मराठीतच बोलायला येतात, आणि ऐकणारी नीट शिकलेली माणसं तिथे कमी पडतात. तिथली तुझी जागा कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

झोपेचं म्हणशील तर, महिनाअखेरचं ओझं उतरलं की बहुतेक सुधारेल. दोन आठवड्यांत सुधारलं नाही, अभ्यासात मन लागेना झालं, तर १४४१६ वर फोन कर. ही टेलिमानसची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पुढे जे काम करायचंय ते एकदा पलीकडच्या बाजूने अनुभवण्यात कमीपणा काहीच नाही.

आणि बाबांना आज रात्रीच फोन कर. गिरणी बंद करून जेवायला बसायच्या आधी. पैसे नकोत, हे आधी सांग, म्हणजे त्यांना हुश्श होईल. मग हडपसरच्या त्या मुलाची गोष्ट सांग, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची. मध्ये इंग्रजी शब्द घालू नको. गोष्ट संपली की ते विचारतील, ‘मग पुढं पास झाला का तो पोरगा?’

झाला. दहावीला लेखनिक घेतला, मग आयटीआय केलं. आता भोसरीत सीएनसी मशीनवर असतो. गेल्या गणपतीत आईला घेऊन पेढे द्यायला आला होता.

तुझी,
ताई